स्वच्छ नमुना

३ जानेवारी १९९४, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! पुण्यात पीएच.डी.च्या नावाखाली उंदरांची शेपटं धरून उमेदीची वर्षं घालवली, त्याचं काहीतरी चीज झालं. गंगापूर रोडला द्राक्षबागा सुरू होतात तिथे संस्थेचा दुमजली बंगला आहे. खाली बायकांना तपासायची खोली, वर प्रयोगशाळा. माझ्या टेबलासमोर खिडकी आणि खिडकीत बागच बाग. पुण्यात माझ्या टेबलासमोर संडासाची भिंत होती.

घर मात्र देवळाली कॅम्पात. दिनेश तिथल्या शाळेत गणित शिकवतो, तेव्हा नवऱ्याच्या शाळेजवळ घर आणि बायकोने बसचे धक्के खायचे, हे ओघानंच आलं. सकाळी तोफखान्याचा सराव सुरू झाला की कपाटातल्या कपबशा खणखणतात. दिनेश म्हणतो, सवय होईल.

संस्थेचे प्रमुख डॉ. यादव. सगळे नुसतं सर म्हणतात. पांढरे केस, मऊ आवाज, कुणावर ओरडत नाहीत. चहा पिता पिता त्यांनी मला सगळं काम समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, पण लगेच नाही. विषाणू येतो आणि वर्षानुवर्षं गप बसतो. घराच्या राखणीला कुत्रा असतो ना, तशी पेशीचीही राखण असते. हा चोर कुत्र्याला भाकरी टाकून गप्प करतो आणि मग घरच बळकावतो. विषाणू येतो हे जगाला कळलंय, शेवटी काय होतं तेही कळलंय, पण मधली वर्षं कुणीच नीट पाहिलेली नाहीत. ती आपण पाहायची, असं सर म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाने.

मनमाडला फोन केला. बाबा रेल्वेत गार्ड. त्यांनी विचारलं, म्हणजे कॅन्सर सर्दीसारखा लागतो की काय? मागून आई ओरडली, तिथलं पाणीसुद्धा पिऊ नकोस म्हणावं! हसून हसून पोट दुखलं.

१२ जानेवारी १९९४

इथली एक रीत आज कळली. इथे काम करणाऱ्या बाईने स्वतःचा नमुना द्यायचा. लाजायचं कारण नाही, खालच्या खोलीत आशाताई दोन मिनिटांत घेतात. आशाताई इथल्या जुन्या नर्स, हात हलका, आणि नमुना घेतल्यावर आल्याचा चहा करून देतात.

कारण साधं आहे. बायकांचे नमुने तपासताना शेजारी एक स्वच्छ नमुना लावावा लागतो. विषाणू असला की जेलच्या पातळ, पारदर्शक थरावर उजळ पट्टी उमटते. स्वच्छ नमुन्यापाशी काही उमटता कामा नये. तिथे पट्टी आली तर समजायचं की कुठेतरी शिंतोडा उडाला, हात नीट धुतला नाही, आणि सगळी तपासणी कचऱ्यात टाकून पुन्हा पहिल्यापासून करायची. आजवर आशाताईंचा नमुना चालायचा, पण त्यांचं वय झालं, पाळी गेली. आता माझा.

सर हसत म्हणाले, शिकलेली, घरंदाज, एका नवऱ्याची. तुझ्याहून स्वच्छ नाशकात कोण मिळणार? मीही हसले. खरं तर जरा मिरवल्यासारखंच वाटलं. दर काही महिन्यांनी ताजा नमुना द्यायचा, म्हणजे माझी तपासणीही आपोआप होत राहील. दिनेशला म्हटलं, बघ, तुझ्या बायकोइतकी तपासलेली बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

२० फेब्रुवारी १९९४

आज जीप घेऊन पेठ रोडला. पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांच्या टोळ्या छाटणीला खाली उतरतात, द्राक्षांचा खुडा संपेपर्यंत बागांमधून राहतात, उन्हाळ्यात परत डोंगरात जातात आणि पुढच्या हंगामाला त्याच टोळ्या परत येतात. सरांना म्हणूनच या बायका हव्या. शहरातली बाई पत्ता बदलते, डॉक्टर बदलते. ही दर साल त्याच रस्त्याला उभी असते. आम्ही तपासतो, साबणाची वडी आणि ताकदीच्या गोळ्या देतो.

चांगुणा नावाची एक भेटली. माझ्याच वयाची, बारीक, तोंडाने फाटकी. टेबलावर झोपायला सांगितलं तर म्हणे, नवऱ्यानं सुदीक इतक्या उजेडात पाह्यलं नाय गं बाय! बाकीच्या बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मग मलाच विचारते, आमाला तू तपासतीस, तुला कोन तपासतंय? मी म्हटलं, मलाही तपासतात, अगदी अशाच टेबलावर. तिला ते फार पटलं. जाताना नागलीचे पापड हातात कोंबून गेली.

१८ जानेवारी १९९६

डोकं फिरलंय. स्वच्छ नमुन्यापाशी पट्टी! चांगली ठसठशीत. आठवडाभराची मेहनत कचऱ्यात. आशाताईंना फाडफाड बोलले, की नमुने घेताना हातमोजे बदलता की नाही? चांगुणाला तपासलेल्या हातानेच माझी बाटली उचलता? त्या खाली मान घालून मोजे गोळा करत राहिल्या. आज पुन्हा माझा नमुना घेतला, नवे मोजे, नवी बाटली, मी स्वतः उभी राहून.

२ फेब्रुवारी १९९६

पुन्हा पट्टी. सगळं धुतलं, पुसलं, रसायनं नवी मागवली. परत पट्टी. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत झालीय माझी. सरांपुढे रडकुंडीला येऊन कबूल केलं की माझ्या हाताला स्वच्छता नाही, कुठेतरी शिंतोडा उडतोच आहे.

सरांनी जेल दिव्यावर धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण ते इतकं मायेने बोलले! म्हणाले, कुणाचंही होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. यापुढे स्वच्छ नमुन्याच्या जागी नुसतं शुद्ध पाणी लावत जा. तुझा नमुना आशा घेत राहील, तो मी माझ्याकडे वेगळा ठेवीन, निरोगी बाईच्या पेशी कशा दिसतात ते पाहायला लागतंच. देवमाणूस आहे हो. दुसरा कुणी असता तर पुण्याला परत धाडलं असतं.

पाण्यापाशी पट्टी आली नाही. सुटले.

९ डिसेंबर १९९७

चांगुणाच्या पेशी बदलल्या आहेत. पहिल्या वर्षी नुसता विषाणू होता, मग पेशींचे आकार बिघडू लागले, आणि आता कुणीही सांगेल की हे कॅन्सरच्या उंबऱ्यावर आहे. अजून कॅन्सर नाही. गोठवणाऱ्या सळईने तेवढा भाग गोठवून मारायचा, दहा मिनिटांचं काम, भूलही लागत नाही. सळई खालच्या खोलीतल्या कपाटात आहे.

मी सरांकडे गेले. म्हटलं, उद्या टोळी येतेय, उरकून टाकू. सर म्हणाले, जरूर. पण मग उद्यापासून आपल्याकडे काय राहील? उंबऱ्यापर्यंत तर जगाने पाहिलंय. उंबरा ओलांडताना कुणी पाहिलंय? ही एक बाई आपल्याला ते दाखवणार आहे. एवढा एक हंगाम थांबू, मग करूच. निबंध तयार होतोय, त्यावर पहिलं नाव तुझं घालायचं माझ्या मनात आहे.

मी काही बोलले नाही. म्हणजे हो म्हटलं.

उद्या ताकदीच्या गोळ्या द्यायच्या.

१४ फेब्रुवारी २०००

निबंध छापून आला त्याला वर्ष झालं. पहिलं नाव माझं आहे. बाबांनी रेल्वे कॉलनीत पेढे वाटले होते.

चांगुणा टोळीबरोबर आली नाही. तिच्या पाड्यावरची बाई सांगत होती, आंगावरून लय जात हुतं, वास मारत हुता, शेवटी तिला गोठ्यात ठिवली. दिवाळीच्या आसपास गेली. मरायच्या आधी म्हणत होती, नाशकाच्या बायकडं न्या, तिच्या गोळ्या चांगल्या हायेत.

घरी जेवले नाही. दिनेशने विचारलं, तर म्हटलं, पित्त झालंय.

सरांनी शेवटच्या नमुन्याची तारीख विचारली. मी सांगितली. म्हणाले, मरणाआधीचा एक असता तर मालिका पुरी झाली असती.

२५ मार्च २००२

आता प्रयोगशाळेत जगवलेल्या पेशींचं काम माझ्याकडे आहे. सरांनी पेठकडच्या कुठल्याशा बाईच्या तुकड्यातून एक वाण तयार केलं आहे, त्याला नुसतं सात नंबर म्हणतात. विषाणूने आतून पार बळकावलेल्या पेशी, मरतच नाहीत. बाकीची वाणं नाजूक असतात, रुसतात, तापमान जरा हललं की माना टाकतात. सात नंबर म्हणजे हावरट पोर! गुलाबी द्रावण घालायचा अवकाश, सकाळपर्यंत बाटलीचा तळ भरलेला. मी रोज त्यांना आधी खाऊ घालते, मग स्वतःचा डबा उघडते. आशाताईंना गमतीने म्हणाले, देवाने पोटी दिलं नाही, पण बाटलीत भरभरून दिलं. आशाताई एकदम उठून गेल्या. त्या हल्ली चिडक्या झाल्यात.

दिनेश पुन्हा मुलाचं बोलत होता. एखाद्या डॉक्टरला दाखवू म्हणतो. मी म्हटलं, अरे, दर काही महिन्यांनी मला तपासतात, काही असतं तर कळलं नसतं का?

११ सप्टेंबर २००३

सिंहस्थामुळे बस मिळत नाही. पंचवटीकडे तर पाय ठेवायची सोय नाही. थकवा येतो. मधूनच अंगावरून जातं, पाळी नसताना. दिनेश जवळ आला की दुखतं, नंतर डागही दिसतो.

सरांना सांगितलं, थोडं आडवळणाने. त्यांनी लगेच तपासायला लावलं, स्वतः स्लाइड पाहिली, म्हणाले, काही नाही, रक्त कमी आहे, खजूर खा. बरं वाटलं. आशाताईंनी या वेळी नमुना मोठा घेतला, कळ डोक्यात गेली. चहा करायला विसरल्या.

१३ सप्टेंबर २००४

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

परदेशी मासिकं हल्ली पुरावा मागतात की तुमच्या बाटल्यांमधली वाणं एकमेकांत मिसळलेली नाहीत. त्यासाठी ओळख पटवायची नवी चाचणी आली आहे. प्रत्येक माणसाच्या पट्ट्यांची नक्षी वेगळी. सगळी वाणं लावली. शेजारी तुलनेला एक निरोगी माणूस हवा, म्हणून जुन्या सवयीने बोट टोचून माझ्या रक्ताचा थेंब घेतला.

सात नंबर आणि मी. दोन रांगा. वरपासून खालपर्यंत एक.

शिंतोडा उडाला असणार. माझ्या हाताला स्वच्छताच नाही.

१५ सप्टेंबर

पुन्हा लावलं. माझ्या बोटाचं रक्त दिनेशकडून काढवून घेतलं, घरी, प्रयोगशाळेबाहेर. दिनेशचंही घेतलं. दिनेशची नक्षी वेगळी आली. माझी आली ती सात नंबरची.

तिसऱ्यांदा लावलं.

तीच.

१६ सप्टेंबर

काखेत कळसा न् गावाला वळसा. शहाण्णव साली पट्टी उमटली तेव्हा ती शिंतोड्याची नव्हतीच. माझी होती. बाटली स्वच्छ होती, मोजे स्वच्छ होते. आशाताईंना मी फाडफाड बोलले आणि त्या गप्प बसल्या, तेव्हाच त्यांना— नाही. तेव्हा नसेल कळलं. सरांना कळलं. दिव्यावर धरून इतका वेळ पाहत होते.

म्हणूनच पाणी लावायला सांगितलं, मला पट्टी दिसू नये म्हणून.

आणि सात नंबरचं वाण दोन हजार दोनचं. मरत नाहीत अशा पेशी. म्हणजे उंबरा मी तेव्हाच ओलांडला होता. मी रोज सकाळी माझ्याच—

खाऊ घालत होते. माझ्या डब्याआधी.

१७ सप्टेंबर

सरांसमोर जेल ठेवलं. मला वाटलं होतं नाकारतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाले, बस. पाणी पी. मग म्हणाले, कधीतरी तुझ्या लक्षात येणारच होतं, तू हुशार आहेस. लागण झाली त्या महिन्यापासून ठरावीक अंतराने घेतलेले नमुने, एकही खाडा नाही, तू टोळीसारखी उन्हाळ्यात निघून जात नाहीस, चांगलं खातेस-पितेस. अशी मालिका जगात कुणाकडे नाही. शहाण्णवलाच सांगितलं असतं तर तू दहा मिनिटांत सळईने गोठवून घेतलं असतंस.

मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. भडव्या म्हणाले एवढं आठवतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, चांगुणाच्या वेळी मी तुला विचारलं होतं. तू हो म्हणालीस. तीही बाईच, विषाणू तोच. आता काय बदललं, ते मला समजावून सांग.

म्हणाले, यातून पुढे हजारो बायका वाचतील.

मी म्हटलं, त्या हजारांत मी का नाही?

 चष्मा पुसत बसले.

२१ सप्टेंबर

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टरीणबाई चांगल्या. तपासून म्हणाल्या, गाठ बाजूला सरकली आहे, ऑपरेशनची वेळ गेली, पण किरणांचे शेक देऊन अजून आटोक्यात येईल. निम्म्या बायका यातून उठतात. फक्त एक आठवडाही वाया घालवायचा नाही. जुन्या स्लाइड, तुकडे असतील तर घेऊन या, म्हणजे लगेच सुरू करू. नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि नंबर लांबेल.

म्हणजे मी जगू शकते. हे वाक्य पुन्हा लिहिते. मी जगू शकते.

२२ सप्टेंबर

दिनेशला सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, कुणाकडून आला?

बहुतेक बायकांना तो नवऱ्याकडूनच येतो. हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पेठ रोडला एकाही बाईला आम्ही ते सांगितलं नाही. दिनेशला सांगितलं तर त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि बॅग भरून भावाकडे सायखेड्याला गेला. म्हणाला, माझ्यावर ढकलतेस, चोराच्या उलट्या बोंबा.

तोफा सुरू आहेत. काचा वाजताहेत. सवय झाली नाही.

२९ सप्टेंबर

स्लाइड मागायला फोन केला. सर म्हणे दिल्लीला. दुसऱ्यांदा केला, मीटिंगमध्ये. आशाताई फोनवर नुसत्या श्वास घेत राहिल्या.

रक्त जातंय. चादर बदलली. परत बदलली.

मनमाडला कळवू कसं? बाबा विचारतील, सर्दीसारखा लागला का. मला हसू आलं आणि मग थांबेना.

४ ऑक्टोबर

सरांचा फोन. ये म्हणाले, सगळं काढून ठेवलं आहे, शहाण्णवपासूनचं. तुझंच आहे. शुक्रवारी ये. शनिवारी पहाटे मुंबई. जागा मिळाली आहे, डॉक्टरीणबाईंनी धरून ठेवली.

चार दिवस. तेवढे काढायचे.

८ ऑक्टोबर, दुपार

खालच्या खोलीत आहे. टेबलावर. पर्स उशाशी होती म्हणून वही सापडली.

स्लाइडचा खोका समोर कपाटावर आहे, दिसतोय. सर म्हणाले, घेऊन जा, पण एक शेवटचा नमुना देऊन जा. शेक सुरू झाले की या पेशी राहणार नाहीत, मालिका अर्धी राहील. मी नाही म्हटलं. मग खोका कपाटावर ठेवला, किल्ली खिशात घातली. म्हणाले, मी जबरदस्ती करत नाही. घाई तुला आहे.

मी झाले टेबलावर आडवी. काय करू? उद्याची गाडी—

आशाताईंनी चिमटा लावला. काहीतरी फाटलं आत. गरम, खूप. त्या म्हणाल्या, अगं बाई. गॉज भरलं. भिजलं. दुसरं भरलं.

सर म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलावतो. वर गेले.

थोड्या वेळाने

दिवे गेले, जनरेटर लागला. फोन जिन्यात आहे, इथून ऐकू येतो. नंबर फिरवायच्या चक्रीचा आवाज नाही. कुणी बोलत नाही.

वर पंखा सुरू झाला. तो छताचा नाही. पेशी ठेवायच्या पेटीचा आहे. मी रोज लावते तो. आधी पंखा, मग ज्योत. आता फ्रिजचं दार. बाटल्या काढताहेत. द्रावण कोमट करायला ठेवताहेत— एक बाटली नाही, खूप. टक टक टक. इतक्या कशाला? नमुना तर एवढासा—

एवढासा नाही घेणार.

तुकडा गरम असतानाच घ्यावा लागतो. गार झालं की वाढत नाही. आशाताईंना मीच शिकवलं. माणूस जायच्या आधी तयारी—

खिडकीतून बाग दिसते. छाटणी चाललीय. बायका आहेत. हाक मारली. जोरात मारली. दोघींनी मान वर करून पाहिलं. मग खाली घातली, आणि पुढच्या ओळीत गेल्या. त्यांना माहीत आहे. या खोलीतून बायका ओरडतातच.

पुन्हा ओरडते. आवाज निघत ना—

पाय गार पडले. गॉज नको, कुणी मुंबईला फोन करा, जागा धरून ठेवलीय, शनिवारची, माझ्या नावाची—

जिन्यावर पावलं. दोघांची. सर मऊ आवाजात सांगताहेत कुठून कुठवर कापायचं. आशाताई रडताहेत. रडताहेत पण येताहेत.

तुकडे ठेवायचा थर्मास आहे हातात.

आशाताई म्हणताहेत, मॅडम, वही द्या इकडे, आणि जरा डोळे मि—